मोरणी

एकतीस वर्षं मी मोर काढला
चौकोनात.
एक चौकोन, एक धागा.
तांबड्या शाईनं भरला की पुठ्ठ्याला भोक,
भोक पडलं की धागा वर,
आणि मोराची मान जिन्यासारखी चढायची,
एक आडवा, तीन उभे,
एक आडवा, तीन उभे.
लांबून बघितलं की बाक दिसायचा.
पण चादर कोण लांबून बघतं?
ती तर नाकापर्यंत ओढून घ्यायची वस्तू.

मग कारखान्यात कॉम्प्युटर बसला.
शेटनी उरलेल्या आलेखाचे दोन गठ्ठे
माझ्या सायकलला स्वतः बांधले.
‘घेऊन जा कामतम,
रद्दीवाला तरी काय देणार.’

कागद पालथे घातले.
पाठ कोरी.
वैशाखाची दुपार, साखर पेठेत माग खडखडतायत,
पत्रा तापून टकटक वाजतोय,
आणि मी म्हटलं, आता हात सोडून काढू,
पोरं दगड मारतात तसं,
कुठं लागेल ते लागेल.

हात सुटेना.
वळण आलं की पेन थांबायचं,
मोजायचं, परवानगी मागायचं.
कागद उजेडाला धरला तर
पलीकडचे चौकोन निळे-निळे दिसायचे,
भिंतीआडून बघणाऱ्या शेजाऱ्यासारखे.

डाव्या हातानं काढलं.
पुठ्ठे पाडणारा राजमौळी चहाला आला होता,
त्यानं कागद फिरवला, परत फिरवला.
‘काय बे हे? सुरई?’
‘मोर.’
‘शिंदी पाजलास का बे त्याला?’
हसून हसून त्याला ठसका लागला,
मलाही हसू आलं,
आणि तेवढ्यात मानेला अजून एक बाक पडला,
न मोजलेला.
तो बरा होता.
तसा परत जमला नाही.

बालामणी उंबऱ्याशी.
मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू,
डोळे टीव्हीवरच्या सासूवर,
आणि बोटं आपली
पान घेतायत, भरतायत, वळतायत,
तोंड मुडपून दोरा देतायत.
हजार विड्या, रोज, चाळीस वर्षं.
टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली,
‘तुम्ही कागदाकडं बघताव,
म्हणून होतंय तसं.
मी पानाकडं बघितले तर
एक विडी सरळ होईल का?’

मग मी कागदाकडं बघितलं नाही.
तिच्याकडं बघितलं.
पेन कुठं चाललंय ते पेनलाच ठाऊक.
अंगठ्याचं नख तंबाखूनं पिवळं झालंय,
डावी भुवई उजवीपेक्षा वर आहे,
सासू ओरडली की हिचे ओठ हलतात,
हिचेही संवाद पाठ आहेत,
हे एवढ्या वर्षांत
कुणी मला सांगितलं नव्हतं.
पेन कागदावरून घसरलं,
शहाबादी फरशीवर फिरून आलं,
मी थांबवलं नाही.

जाहिरात लागली तेव्हा खाली बघितलं.
अंबाडा खांद्यावर.
चष्मा एकटाच हवेत.
बोटं नऊ, का तेरा,
सगळी एकाच वेळी वळणारी.
सुपाची कड तिच्या पोटातून निघून
दाराबाहेर गेलेली.
एकाही रेषेला माहीत नव्हतं
की धागा कधी वर, कधी खाली.

तिनं कागद हातात घेतला,
तंबाखूचा ठसा उमटला कोपऱ्यात.
बराच वेळ बघितलं.
‘सगळं हाय.
माझी मोरणी कुठं गेली पण?’

शोधली दोघांनी.
अंबाड्यात नाही, चष्म्यात नाही.
फरशीवर सापडली शेवटी,
सुपापासून वीतभर लांब,
शाईचा एक टिपका.

पदराचं टोक ओलं केलं तिनं, पुसायला.
तेवढ्यात मालिका सुरू झाली.
‘राहू द्या,’ म्हणाली,
‘दीडशे राहिल्यात अजून.’